रक्ताची साक्ष काढणारे कार्ल लँडस्टायनर

पहाटे अंथरुणातून उठावे तो हाताची बोटे मिटत नाहीत, तांब्या उचलवत नाही, सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. तास-दीड तास गेला म्हणजे सांधे थोडे सैल होतात आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तीच अवस्था. सूजही येते ती दोन्ही हातांच्या त्याच त्या सांध्यांवर, जोडीने. अशी व्यथा जडलेले माणूस, विशेषतः स्त्री, आपणांपैकी अनेकांच्या घरी वा शेजारी असेल. घरातील वडीलमंडळी तीस वात म्हणतात, तेल चोळतात, शेक देतात आणि थंडी सरली की बरे वाटेल असा धीर देतात. परंतु वात म्हणजे एकच रोग नव्हे. वयोमानाने सांध्यांची झीज होते तो एक. रक्तात युरिक आम्ल साचून पायाचा अंगठा ठणकू लागतो तो दुसरा. आणि ज्यास डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात व आपल्याकडे बहुधा आमवात ह्या नावाने ओळखतात तो तिसरा. ह्या तिसऱ्या रोगात शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच आपल्या सांध्यांच्या अस्तरावर शत्रू समजून चालून जाते. आरंभीच्या काही महिन्यांत त्याची ओळख पटली तर आजच्या औषधांनी तो पुष्कळसा आवरता येतो. वेळ दवडला तर हाडे कुरतडली जातात, बोटे एका अंगास कलतात, आणि एकदा कललेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत. सूज कोणत्या वाताची आहे हे वेळीच कळले की नाही, ह्यावर एखाद्या गृहिणीला पुढील तीस वर्षे भाकरी थापता येईल की नाही, हे अवलंबून असते.

आज डॉक्टर सांधे चाचपून पाहतात आणि हाताच्या शिरेतून थोडे रक्त काढून तपासणीस पाठवितात. त्या रक्तात नेमके काय शोधतात, आणि रक्तात असे काही शोधता येईल हे प्रथम कोणाच्या ध्यानी आले, ह्याचा मागोवा घेऊ लागलो असता आम्ही ज्या पुरुषापाशी येऊन थांबलो, त्याचे नाव विद्यार्थ्यांना अपरिचित नाही. रक्तगटांचा शोध लावणारे म्हणून शालेय पुस्तकांत ज्यांचा उल्लेख येतो, ज्यांचा १४ जून हा जन्मदिवस २००४ सालापासून जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो, तेच हे कार्ल लँडस्टायनर. त्यांनी आमवातावर म्हणून संशोधन केले नाही, हे आम्ही प्रथमच सांगून टाकतो. तथापि आमवाताच्या निदानासाठी आज ज्या दोन प्रमुख रक्तचाचण्या केल्या जातात, त्या दोहोंची मुळे त्यांच्या कामात आहेत, असे आमचे मत झाले आहे. पुढील चरित्र त्या दृष्टीने वाचावे.

कार्ल ह्यांचा जन्म १८६८ साली व्हिएन्नाजवळील बाडन ह्या गावी झाला. वडील लेओपोल्ड हे व्हिएन्नातील नामांकित पत्रकार होते. ते वारले तेव्हा कार्ल अवघे सहा वर्षांचे होते. पुढे आई फॅनी हिनेच त्यांना वाढविले, आणि ह्या मायलेकांचा जीव एकमेकांत इतका गुंतला होता की आईच्या मृत्यूनंतर तिच्या चेहऱ्याचा घेतलेला साचा त्यांनी आपल्या खोलीच्या भिंतीवर अखेरपर्यंत टांगून ठेवला होता. स्वभावाने ते अबोल, लाजरे आणि काहीसे उदास वृत्तीचे होते. पियानो मात्र ते उत्तम वाजवीत.

१८९१ साली त्यांनी व्हिएन्ना विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतली. अशा तरुणाने दवाखाना थाटावा, ही जगरहाटी. लँडस्टायनर ह्यांनी तसे केले नाही. शरीरात चालणारे व्यवहार हे शेवटी रासायनिक व्यवहार आहेत अशी त्यांची समजूत झाली होती, म्हणून पदवीनंतरची काही वर्षे त्यांनी रसायनशास्त्र शिकण्यात घालविली. वुर्ट्‌सबुर्ग येथे एमिल फिशर, म्युनिक येथे बामबेर्गर आणि झ्युरिक येथे हान्ट्‌श ह्या त्या काळच्या नामवंत रसायनज्ञांच्या हाताखाली त्यांनी काम केले. डॉक्टर होऊन पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर बसण्याचा हा निर्णय त्यांच्या आयुष्यात फार फलदायी ठरला, ते पुढे दिसेलच.

व्हिएन्नास परतल्यावर ते प्रथम माक्स फोन ग्रूबर ह्यांचे साहाय्यक झाले. जंतू आणि रक्तरस एकत्र आणले असता जंतू परस्परांस चिकटून त्यांचे पुंजके होतात, हे ग्रूबर ह्यांनी नुकतेच दाखवून दिले होते. रक्त काही वेळ स्थिर ठेवले म्हणजे ते साकळते आणि वर जे पिवळसर पाणी सुटते त्यास रक्तरस म्हणतात, हे येथे सांगितले पाहिजे. ह्या पिवळ्या पाण्यात काही गूढ पदार्थ असतात व ते परक्या वस्तूस ओळखून पकडतात, एवढे त्या काळी ठाऊक झाले होते. ह्या पदार्थांस आपण प्रतिपिंड म्हणतो. ते काय आहेत, कसे ओळखतात, ह्याविषयी मात्र अंधार होता. लँडस्टायनर त्या अंधारात शिरले ते जन्मभर त्यातच वावरले.

१८९८ ते १९०८ ही दहा वर्षे त्यांनी वाइक्सेलबाउम ह्यांच्या विकृतिशास्त्र संस्थेत काढली. तेथे त्यांचे पोटापाण्याचे काम शवविच्छेदनाचे होते, आणि दहा वर्षांत त्यांनी सुमारे ३,६०० शवे तपासली. त्यातून उरलेल्या वेळात त्यांचे संशोधन चाले.

१९०० साली त्यांनी रक्तरसाच्या गुणधर्मांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या निबंधाला एक तळटीप आहे. आम्हां भाषा-इतिहास शिकविणाऱ्यांना तळटिपांचे अगत्य अंमळ अधिकच असते. परंतु ही तळटीप खरोखरच जगाच्या इतिहासातील थोर तळटिपांपैकी एक म्हटली पाहिजे. निरोगी माणसाचा रक्तरस दुसऱ्या निरोगी माणसाच्या तांबड्या पेशींत मिसळला असता कधीकधी पेशींचे पुंजके होतात, असे तीत नमूद केले होते. पुंजके होतात हे इतरांनीही पाहिले होते. पण पाहणाऱ्यांची समजूत अशी की, हे रोगाचे लक्षण असावे. रोग्याचे रक्त बिघडलेले असते म्हणून ते दुसऱ्याच्या रक्ताशी असे वागते. लँडस्टायनर ह्यांनी रोग्यांना बाजूस ठेवून स्वतःचे आणि प्रयोगशाळेतील धडधाकट सहकाऱ्यांचे रक्त घेतले. प्रत्येकाच्या पेशी व प्रत्येकाचा रक्तरस ह्यांच्या सर्व जोड्या लावून त्यांनी कोष्टक मांडले. पुंजके वाटेल तसे होत नव्हते. त्यांत नियम होता. १९०१ साली त्यांनी माणसांच्या रक्ताचे तीन गट जाहीर केले. ज्याला आज ओ म्हणतात त्याला त्यांनी प्रथम सी म्हटले होते. चौथा एबी हा गट पुढच्याच वर्षी देकास्तेलो व स्तूर्ली ह्या त्यांच्याच सहकाऱ्यांस सापडला.

ह्या शोधाने रक्तदान निर्धोक झाले व असंख्य प्राण वाचले, ही कथा सर्वश्रुत आहे. ती आम्ही येथे वाढवीत नाही. एवढेच सांगतो की १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी ह्यांना ह्या चार गटांपैकी कोठेच न बसणारे, ओ गटाच्या पेशींचेसुद्धा पुंजके करणारे रक्त आढळले, आणि त्या दुर्मीळ गटास सर्व जगात बॉम्बे गट हेच नाव पडले आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. रक्तरसाला प्रश्न कसा विचारावा हे त्या कोष्टकाने शिकविले. एका थेंबात पेशी, दुसऱ्या थेंबात रक्तरस. दोन्ही काचेवर एकत्र आणावयाचे आणि पुंजके होतात की नाही ते नुसत्या डोळ्यांनी पाहावयाचे. पुंजके झाले तर रक्तरसात काहीतरी आहे, नाहीत तर नाही. न्यायालयात साक्षीदाराला होय की नाही असा नेमका प्रश्न विचारावा, तशी ही रीत आहे. निरोगी माणसांचे रक्त प्रथम तपासल्याशिवाय रोग्याच्या रक्ताविषयी काही बोलू नये, हा दंडकही त्याच कोष्टकात होता. तो पाळला न गेल्याने रक्तचाचण्यांच्या इतिहासात पुढे किती घोटाळे झाले ह्यास गणती नाही.

१९०४ साली त्यांनी युलिउस दोनाट ह्या सहकाऱ्याबरोबर आणखी एक प्रयोग केला. तो शालेय पुस्तकांत येत नाही. आमच्या मते तो यावयास हवा. काही रोग्यांना थंडीत बाहेर पडले की हुडहुडी भरून लघवी तांबडी-काळी होते. रक्तातील तांबड्या पेशी फुटून त्यांचा रंग लघवीत उतरतो, हे ठाऊक होते. त्या का फुटतात हे ठाऊक नव्हते. दोनाट व लँडस्टायनर ह्यांनी अशा रोग्याचे रक्त नळीत घालून ती बर्फात ठेवली आणि मग अंगाच्या उष्णतेइतकी ऊब दिली. पेशी नळीतच फुटल्या. रोग्याच्या रक्तरसात एक प्रतिपिंड होता, तो थंडीत त्याच्याच पेशींना चिकटे आणि ऊब मिळताच त्या फोडल्या जात. त्या वेळी पाउल एर्लिख ह्या थोर शास्त्रज्ञांचे मत असे होते की, शरीर स्वतःविरुद्ध शस्त्र उचलणे टाळते. तशी निसर्गाची योजनाच आहे. त्या मताचा दबदबा इतका होता की शरीर स्वतःवर उलटू शकते ही कल्पना पुढील कित्येक दशके बहुतेकांच्या गळी उतरली नाही. परंतु काचेच्या नळीत त्याचा पुरावा १९०४ सालीच मिळाला होता. आमवात हा त्याच जातीचा, शरीर स्वतःवर उलटल्याने होणारा रोग आहे, हे वैद्यकाला उमगण्यास मात्र अर्धे शतक जावे लागले.

१९०८ साली ते व्हिएन्नातील विल्हेल्मिना रुग्णालयात गेले. त्याच वर्षी त्यांनी एर्विन पोपर ह्यांच्यासह, बालपक्षाघाताने दगावलेल्या एका मुलाच्या मज्जारज्जूचा अंश माकडांस टोचून तो रोग त्यांच्यात उत्पन्न करून दाखविला. पोलिओचे कारण जंतूंहूनही सूक्ष्म असा विषाणू आहे, हे त्यातून सिद्ध होत गेले. एवढ्या एका शोधावर दुसऱ्या कोणाची जन्माची कीर्ती झाली असती.

१९१६ साली हेलेन व्लास्तो हिच्याशी त्यांचा विवाह झाला व पुढील वर्षी पुत्र झाला. पण हा काळ पहिल्या महायुद्धाचा होता. १९१८ साली ऑस्ट्रियाचे साम्राज्य कोसळले. व्हिएन्नात अन्नाची आणि सरपणाची वानवा झाली. प्रयोगशाळेला लागणाऱ्या सामग्रीचे तर नावच नको. वयाची पन्नाशी उलटलेले, शेकडो निबंधांचे धनी असे हे प्राध्यापक १९१९ साली कुटुंबासह हॉलंडमध्ये द हेग येथे आले, आणि तेथील एका लहानशा कॅथॉलिक रुग्णालयात त्यांनी नोकरी धरली. रोग्यांचे रक्त आणि लघवी नित्याप्रमाणे तपासणे हे त्यांचे काम होते. मनुष्य लहान जागी पडला की त्याचे मनही लहान होते असा अनुभव आहे. लँडस्टायनर ह्यांच्या बाबतीत तसे झाले नाही. युद्धकाळात हाती घेतलेले आपले सर्वांत प्रिय काम त्यांनी त्या अडचणीच्या खोलीतही चालूच ठेविले.

ते काम कोणते, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आमवाताची दुसरी चाचणी त्यावरच उभी आहे. प्रतिपिंड परक्या वस्तूस ओळखतो. पण तो किती बारकाईने ओळखतो? हे पाहण्यासाठी लँडस्टायनर ह्यांनी एक युक्ती योजिली. ज्यांची घडण पूर्ण ठाऊक आहे अशी साधी, लहान रसायने घेऊन ती त्यांनी प्रथिनांवर चिकटविली. जणू एकाच कापडावर निरनिराळ्या गुंड्या शिवल्या. ही प्रथिने सशांस टोचून त्यांच्या रक्तरसात जे प्रतिपिंड तयार झाले, ते कोणत्या गुंडीला धरतात व कोणत्या गुंडीला सोडतात हे त्यांनी तपासले. निष्कर्ष थक्क करणारे होते. रसायन तेच, अणू तेवढेच. फक्त एका अणुगटाची जागा कड्यावर एक घर सरकविली, तरी प्रतिपिंडास तो फरक कळे. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांनी टार्टारिक आम्ल घेतले. चिंचेला आंबटपणा देणारे हेच ते आम्ल. त्याची उजवी व डावी अशी दोन रूपे असतात. आरशातील प्रतिबिंबासारखी ती एकमेकांची उलट असतात. सशाच्या रक्तरसाला ह्या दोहोंतील भेदही ओळखता आला. आपण चपलेत पाय घालताना उजवी-डावी जाणतो, तसाच हा प्रकार. परंतु तो घडतो सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणाऱ्या रेणूंच्या पातळीवर. डॉक्टरने रसायनशास्त्र शिकण्यात घालविलेली ती वर्षे अशी फळास आली. रक्तगटांपेक्षा ह्या कामाचे मोल लँडस्टायनर स्वतः अधिक मानीत, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी नमूद करून ठेविले आहे.

१९२२ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्यांना बोलाविले आणि पुढील आयुष्य त्यांनी तेथेच वेचले. १९२७ साली फिलिप लेव्हाइन ह्यांच्यासह त्यांनी एम, एन व पी हे रक्तातील आणखी घटक शोधले. १९३० साली त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेही रक्तगटांबद्दल, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांपूर्वीच्या कामाबद्दल. गौरवसमारंभ व भाषणे त्यांस फारशी मानवत नसत. १९३९ साली ते सेवानिवृत्त झाले, म्हणजे कागदोपत्री झाले. प्रयोगशाळेत जाणे त्यांनी सोडले नाही. १९४० साली अलेक्झांडर वीनर ह्यांच्यासह त्यांनी ऱ्हीसस घटक जाहीर केला. आपल्या रक्तगटापुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह असे जे लिहितात ते ह्या घटकावरून. विद्यार्थी पुष्कळदा हा आरएच घटक आणि आमवाताच्या तपासणीतील आरए घटक ह्यांची गल्लत करतात. पहिला तांबड्या पेशींवर असतो व त्याचे नाव ऱ्हीसस जातीच्या माकडावरून आले आहे. दुसऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. दुसऱ्याची हकीकत आता सांगतो.

रक्तात सांधेदुखीची खूण शोधण्याची खटपट लँडस्टायनर ह्यांच्या जन्मापूर्वीच सुरू झाली होती. लंडनचे डॉ. आल्फ्रेड गॅरड ह्यांनी १८४८ साली गाउट झालेल्यांच्या रक्तात युरिक आम्ल दाखवून दिले, आणि पुढे रक्तरसात नुसता सुताचा धागा बुडवून त्यावर स्फटिक जमतात की नाही हे पाहण्याची सोपी चाचणी दिली. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव १८५९ साली त्यांनीच रूढ केले. पण त्या रोगाच्या रक्तात त्यांच्या धाग्याला काही लागेना. ह्या रोगाची खूण एखादे साचलेले आम्ल नव्हते. ती प्रतिपिंडांच्या रूपात होती, आणि प्रतिपिंड शोधण्याची रीत अजून निघावयाची होती. विसाव्या शतकाच्या आरंभी तर दातांत वा घशात दडलेल्या जंतूंमुळे हा रोग होतो अशी समजूत पसरली, आणि कित्येक रोग्यांचे धड दात व गाठी त्यापायी काढण्यात आल्या. सांधे होते तसेच राहिले.

१९३७ साली नॉर्वेत ऑस्लो येथे एरिक वालर हे डॉक्टर रक्तरसाची एक नेहमीची तपासणी करीत होते. तीत मेंढीच्या तांबड्या पेशींवर सशाच्या प्रतिपिंडांचे पातळ आवरण चढवून त्या वापरीत. अपेक्षा अशी की पेशी फुटाव्या. एका रोग्याच्या रक्तरसात त्या फुटल्या नाहीत. त्यांचे पुंजके झाले. तो रोगी आमवाताचा होता. वालर ह्यांनी तो प्रकार नळी धुऊन विसरून न टाकता आणखी रोग्यांचे रक्तरस तपासले आणि १९४० साली निबंध प्रसिद्ध केला. त्याच साली जर्मन फौजा नॉर्वेत उतरल्या. युद्धाच्या धुमाळीत त्या निबंधाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

इकडे न्यूयॉर्कमध्ये २४ जून १९४३ रोजी लँडस्टायनर प्रयोगशाळेत काम करीत असता त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्या क्षणी त्यांच्या हाती काचेची मापनळी होती असे सांगतात. दोन दिवसांनी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, संस्थेच्याच रुग्णालयात त्यांचे देहावसान झाले. पत्नी तेव्हा दुर्धर रोगाने आजारी होती. ती त्याच वर्षाच्या अखेरीस निवर्तली. प्रतिपिंडांच्या बारीक नजरेविषयीच्या आपल्या ग्रंथाची नवी आवृत्ती ते शेवटी सिद्ध करीत होते. ती १९४५ साली, त्यांच्या पश्चात निघाली.

त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १९४८ साली, त्याच शहरात हॅरी रोझ, चार्ल्स रॅगन आणि त्यांचे सहकारी ह्यांना मेंढीच्या पेशींचे तेच पुंजके स्वतंत्रपणे आढळले. तेव्हा कोठे वालर ह्यांचे काम उजेडात आले आणि चाचणीस वालर-रोझ हे जोडनाव मिळाले. पुंजके का होतात ह्याचा उलगडा हळूहळू झाला. आमवाताच्या पुष्कळ रोग्यांच्या रक्तात असा एक प्रतिपिंड असतो की जो प्रतिपिंडांनाच पकडतो. पहारेकऱ्यांनी पहारेकऱ्यांस धरावे, तसे हे झाले. मेंढीच्या पेशींवर सशाचे प्रतिपिंड असतात. हा घटक एका पेशीवरचा प्रतिपिंड एका हाताने व दुसऱ्या पेशीवरचा दुसऱ्या हाताने धरतो, आणि पेशी एकत्र बांधल्या जातात. ह्यासच ऱ्हुमॅटॉइड घटक म्हणतात. १९५६ साली सिंगर व प्लॉट्‌झ ह्यांनी मेंढीच्या पेशींऐवजी लॅटेक्सचे अतिसूक्ष्म मणी घेऊन त्यांवर माणसाचे प्रतिपिंड चढविले आणि चाचणी फार सोपी केली. मण्यांचा एक थेंब, रक्तरसाचा एक थेंब, काच थोडी हलवावयाची, आणि दाणे दिसतात का ते पाहावयाचे. व्हिएन्नातील १९०१ च्या कोष्टकातलीच ही रीत आहे.

परंतु ह्या साक्षीदारावर पूर्ण विसंबता येत नाही. रोग्यांपैकी सुमारे ७० ते ८० टक्क्यांच्या रक्तात हा घटक सापडतो. उरलेल्यांना रोग असूनही सापडत नाही. उलट क्षय, कुष्ठरोग, यकृताची काही दुखणी असलेल्यांत, इतकेच काय काही निरोगी वृद्धांतही तो आढळतो. आपल्या देशात, जेथे क्षय अद्याप गेलेला नाही, तेथे नुसत्या ह्या एका चाचणीवरून आमवाताचा शिक्का मारणे अविचाराचे होय. निरोग्यांकडे आधी पाहावे, हा लँडस्टायनर ह्यांचा दंडक येथे आठवावा.

अधिक नेमक्या खुणेचा शोध चालू राहिला. १९६४ साली हॉलंडमधील नीनहाउस व मांडेमा ह्यांना असे दिसले की, आमवाताच्या रोग्यांचा रक्तरस गालाच्या आतील पेशींतील काही कणांस चिकटतो. चाचणी किचकट, म्हणून ती मागे पडली. चिकटतो कशाला हे कोडेही तीसएक वर्षे तसेच राहिले. १९९८ साली हॉलंडमध्येच नायमेखेन येथे वान वेनराय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सोडविले. प्रथिने ज्या घटकांची माळ असतात त्यांतील आर्जिनीन नावाच्या मण्यात शरीर कधीकधी किंचित बदल करते. त्याचे सिट्रुलीन होते. बदल अगदी अल्प, एका टोकाच्या काही अणूंचा. रोग्याचे प्रतिपिंड आर्जिनीन असलेल्या प्रथिनास हात लावीत नाहीत आणि सिट्रुलीन असलेल्यास धरतात. सशाच्या रक्तरसाने टार्टारिक आम्लाचे उजवे-डावे ओळखले होते, त्याच जातीची ही ओळख आहे. फरक इतकाच की येथे गुंडी शास्त्रज्ञाने शिवलेली नसून शरीराने स्वतःच बदललेली आहे. ह्या तत्त्वावर पुढे जी चाचणी निघाली तिला संक्षेपाने अँटी-सीसीपी म्हणतात. रोग नसलेल्यांत ती क्वचितच खोटी उतरते. २०१० साली अमेरिकेतील व युरोपातील सांधेतज्ज्ञांच्या संस्थांनी आमवाताचे जे निकष ठरविले, त्यांत ह्या दोन्ही चाचण्यांना स्थान आहे. दाह मोजणाऱ्या दोन चाचण्याही त्यांत आहेत; पण दाह कशानेही होतो, म्हणून त्यांची साक्ष दुय्यम.

२००४ साली हॉलंडमधील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो तर लँडस्टायनर ह्यांनी आवर्जून वाचला असता. आमवात झालेले ७९ रोगी असे निघाले की ज्यांनी पूर्वी, धडधाकट असताना, रक्तदान केले होते, आणि रक्तपेढीने त्यांच्या रक्तरसाचे नमुने गोठवून जपून ठेविले होते. ते जुने नमुने काढून तपासले. जवळजवळ निम्म्यांच्या नमुन्यांत, पहिला सांधा दुखण्यापूर्वीच, ह्या दोहोंपैकी निदान एक प्रतिपिंड हजर होता. काहींत तो कित्येक वर्षे आधी दिसला, आणि मध्यम काळ धरला तर साडेचार वर्षे. म्हणजे माणूस रक्त देऊन हसतमुखाने घरी जात होता त्या दिवशी त्याच्या रक्ताला पुढचे दुखणे ठाऊक होते.

तरीही दहांतील दोन-तीन रोग्यांच्या रक्तात ह्यांपैकी काहीच सापडत नाही. त्यांच्यासाठी नव्या खुणा धुंडाळण्याचे काम अनेक ठिकाणी चालले आहे. २०११ साली लायडेन येथील संशोधकांनी लायसीन नावाच्या दुसऱ्या मण्यातील अशाच एका बदलास धरणारे प्रतिपिंड वर्णिले, आणि अँटी-सीसीपी नसलेल्या काही रोग्यांतही ते आढळले. लँडस्टायनर ह्यांनी ज्या द हेगमध्ये तुटपुंज्या सामग्रीवर दिवस काढले, तेथून लायडेन फार दूर नाही. ज्यांच्या बाबतीत रक्त अजून मुके आहे, त्या रोग्यांचे निदान डॉक्टरांना सांधे एकेक दाबून, सुजलेल्यांची मोजदाद करून, आणि सकाळी हात किती वेळ आखडलेले राहतात हे विचारूनच करावे लागते.